खालच्या नळीवरची बांगडी

सांगितले नऊशे, दिली सातशेला. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, नळाचे कॉक, शिवणयंत्राची दोन चाकं आणि एक फुटकं जातं यांच्यामध्ये ती सायकल ताडपत्रीवर आडवी पडली होती. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. नुसता सांगाडा आणि त्याला पुढचा चिमटा. वर काळ्या ऑइलपेंटचा असा थर, की ब्रशचे केस त्यात अडकून तसेच वाळले होते. मी ती उचलली आणि हात अंदाजापेक्षा वर गेला.

आपल्याकडे सायकल उचलायची म्हणजे आधी कंबर सावरावी लागते. वाड्याच्या जिन्यावरून रोज सायकल वर चढवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ही मात्र चिमट्यासकट तीन किलोच्या आसपास असावी. विकणारा म्हणाला, "फॉरेनची आहे." जुन्या बाजारात कपबशीपासून पान्यापर्यंत सगळंच फॉरेनचं असतं, त्यामुळे तिकडे मी लक्ष दिलं नाही. पण सीटच्या नळीवर, रंगाखाली, एका छोट्या स्टिकरची कड बोटाला लागत होती. त्या कडेसाठी मी सातशे रुपये मोजले.

घरी आल्यावर कापसावर थिनर घेऊन ती जागा हलक्या हाताने पुसत बसलो. काळा गेला, खाली तांबडा रेड ऑक्साईड आला, तो गेला आणि हिरव्या रंगावर एक अर्धा पाच, एक तीन आणि एक एक असे आकडे दिसले. मी बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत मी आणखी एकदा पुसलं, आणि तेवढ्यात तीनही आकडे कापसावर आले. पन्नासेक वर्षं कोणीतरी फासलेल्या ऑइलपेंटखाली जे सुखरूप राहिलं होतं, ते मी अर्ध्या मिनिटात घालवलं. बायको म्हणाली, "काय दाखवत होतास?"

ते आकडे म्हणजे रेनॉल्ड्स ५३१. बर्मिंगहॅमच्या या घराण्याचा मूळ धंदा खिळ्यांचा, १८४१ पासूनचा. १८९७ साली त्यांनी एका युक्तीचं पेटंट घेतलं. नळी बाहेरून एकसारखी दिसायची, पण आतून तिची भिंत टोकांना जाड आणि मध्ये पातळ. फ्रेमवर ताण येतो तो जोडांपाशी, आणि जोड देताना पोलाद तापून मऊ पडतं तेही तिथेच. मधल्या भागाला तेवढं अंग नसलं तरी चालतं. मग १९३५ साली मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाची नळी आली, तिचं नाव ५३१. अशा टूरिंग फ्रेमच्या खालच्या नळीची भिंत टोकाला साधारण ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६ असते. दोन लग्नपत्रिका एकावर एक ठेवाव्यात तेवढी. नखाने टिचकी मारत सरकलात तर मध्येच आवाज बदलतो, तबल्याच्या शाईवरून काठाकडे बोट आल्यासारखा. स्टिकर गेल्यावर माझ्याकडे एवढाच पुरावा उरला होता, आणि तो मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होतो.

टूरिंगची सायकल शर्यतीच्या सायकलपेक्षा अंगाने लांब असते. मागचं चाक पेडलपासून जरा दूर, म्हणजे कॅरियरला लटकवलेल्या पिशव्यांना टाच लागत नाही. चाकाच्या खोबणीपाशी कॅरियर आणि मडगार्ड बसवायला छोट्या कड्या. महिनोन्महिने सामान लादून चालवायची म्हणून बनवलेली ही चीज पुण्यात कशी आली? माझा आपला एक तर्क आहे. सत्तरच्या दशकात तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा जमिनीवरून भारतात येणाऱ्या गोऱ्यांचा ओघ होता. १९७४ साली कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाल्यावर त्यातले पुष्कळ पुण्यात थांबले. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाच्या शेवटी रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला. कोणीतरी सायकलवर आला असेल आणि विमानाने परत गेला असेल. असेल, एवढंच. पण आठ दिवस मी हा तर्क घटना घडल्यासारखा सांगत होतो.

बाबांनी तो ऐकला आणि विचारलं, "मग त्याने सायकल सोडली का?"

बाबा खडकीच्या कारखान्यात होते. नारायण पेठेतून खडकी, जाऊन-येऊन रोज सोळा किलोमीटर, बावीस इंची काळ्या सायकलवर, पावसाळ्यात डोक्यावर घोंगडीसारखा रेनकोट घेऊन. सकाळी त्या रस्त्याने सायकलींचा लोंढा असायचा आणि भोंग्याच्या वेळेला चाक पंक्चर होणं ही खरी आपत्ती. त्यामुळे सायकल या वस्तूबद्दल त्यांना प्रेम वगैरे नाही. चप्पल तुटली की टाके घालतो तसं सायकलचं. "दुरुस्त करायची ती उद्या कामावर जायचंय म्हणून," ते म्हणाले, "तुला कुठे जायचंय?"

मी त्यांना १९२३ ची गोष्ट सांगितली. मुंबईहून सहा तरुण सायकलवर जग बघायला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा १९२८ साली जगप्रदक्षिणा करून परत आले. वाळवंट, आल्प्स, ॲमेझॉनचं जंगल, सगळं करून. बाबांनी ती मन लावून ऐकली आणि म्हणाले, "म्हणजे तुझी ती ५३१ निघायच्या आधीच." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कामाला सुरुवात केली ती चुकीच्या दिशेने, अक्षरशः. पेडलच्या कण्याचा उजवा कप काढायला मी अर्धा तास पान्याला लोंबकळलो, रॉकेल सोडलं, हातोडी मारली. ब्रिटिश पद्धतीत त्या बाजूचे आटे उलटे असतात, पेडल मारता मारता कप आपोआप सुटू नये म्हणून. म्हणजे मी अर्धा तास तो घट्ट करत होतो. घड्याळाच्या दिशेने फिरवला तर दोन हिसक्यांत सुटला. आत ग्रीसचं डांबर झालेलं आणि अकरापैकी नऊ छर्रे.

सीटच्या नळीत सीटपोस्टचा बुंधा अडकला होता. वरचा भाग कोणीतरी करवतीने कापलेला. पोस्ट ॲल्युमिनियमची, नळी पोलादाची. दोन वेगळे धातू, मध्ये घाम आणि पावसाचं पाणी, की ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते आणि ती फुगून पोस्ट नळीत पाचरीसारखी बसते. ग्रीसचं एक बोट फिरवलं असतं तर हे झालं नसतं. मी व्हाईसमध्ये धरून फ्रेमच फिरवून पाहिली आणि नळी पिळवटायची लक्षणं दिसल्यावर थांबलो. शेवटी कॉस्टिक सोडा. तो ॲल्युमिनियम खातो, पोलादाला हात लावत नाही. खालून नळीचं तोंड एम-सीलने बंद केलं, फ्रेम गच्चीच्या कोपऱ्यात उभी बांधली, हातात लांब मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि वरून पाण्यात कालवलेला सोडा हळूहळू ओतला. दोन मिनिटं काही नाही. मग नळीतून भात शिजल्यासारखा आवाज यायला लागला, फेस वर आला, नळी बाहेरून हाताला चटका बसेल इतकी तापली. त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावरच करायचं आणि आसपास विडी-काडी नको. शेजारच्या आजी वाळवण घालायला आल्या होत्या, त्या पापड घेऊन आल्या पावली परत गेल्या. तीन दिवस रोज जुना गाळ टाकायचा, नवा सोडा भरायचा, असं करत करत चौथ्या दिवशी कागदासारखी पातळ झालेली पोस्ट पक्कडने ओढली तशी आली. नळी धुऊन वर्निअर लावला. आतला व्यास २७.२ मिलिमीटर. मध्ये पातळ असलेल्या ५३१ नळ्यांची ही नेहमीची खूण. स्टिकर घालवल्याचं पाप थोडं फिटलं.

पण फेस नळीवरून खाली ओघळला होता, आणि कॉस्टिकने ऑइलपेंटही सुटतो. काळा रंग फोड आल्यासारखा उठला आणि खाली तो हिरवा, बाटलीच्या काचेसारखा गर्द. तो बघून मला राहवेना. पेंट रिमूव्हर आणून सगळी फ्रेम उघडी करायची ठरवली. एका ओळखीच्याने सँडब्लास्टिंग सुचवलं होतं, दहा मिनिटांत चकचकीत. पण ०.५-०.६ मिलिमीटरच्या भिंतीवर वाळूचा मारा करायला धीर होत नव्हता. ब्रशने रिमूव्हर, लाकडी पट्टीने खरवडणं, मग पुन्हा ब्रश. दोन शनिवार-रविवार त्यात गेले.

वरच्या दांडीवर, सीटपासून वीतभर पुढे, रंग गेल्यावर पोलादातच दोन आडवे ओरखडे दिसले. त्यांच्यातलं अंतर बघताच कळलं. दांडीवरच्या लहान मुलाच्या सीटचा पट्टा आवळलेली जागा. आमच्याही सायकलला ती सीट होती, पत्र्याची, वर रेक्झीन. म्हणजे या सायकलीने शेवटी बालवाडीच्या फेऱ्या केल्या होत्या.

आणि खालच्या नळीवर, पुढच्या जोडापासून चार बोटं मागे, लांबी, म्हणजे रंगाखाली भरलेली पुट्टी, सुटून पडली आणि नळीभोवती एक पिवळी रेघ उघडी झाली. केसाएवढी बारीक, सगळीकडे सारखी, बांगडीसारखी. पितळ. ही फ्रेम एकदा समोरून आपटून तिथे मोडली होती. ज्याने ती सांधली, त्याने मोडलेला भाग सरळ कापला होता, आत दुसऱ्या नळीचा तुकडा सरकवला होता आणि पितळाने जोडला होता. मोबाईलची बॅटरी पेडलच्या बाजूने आत धरली तर त्या आतल्या तुकड्याच्या भिंतीवर लांबट शिवण दिसत होती. ५३१ ची नळी बिनशिवणीची असते. पत्रा गुंडाळून शिवलेली नळी आपल्या रोजच्या सायकलींची. म्हणजे साहेबाच्या फ्रेमच्या पोटात इथल्याच कुठल्यातरी सायकलचा तुकडा होता.

माझा पहिला विचार काय, तर फ्रेमची किंमत गेली. हे लिहायला लाज वाटते, पण तोच होता.

भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला एक चाचा आहेत, अजून गॅसवर पितळी जोड देतात. बाकी सगळीकडे लाईटचं वेल्डिंग. तिथे ही नळी नेली तर भोकच पडायचं. मला मागच्या कॅरियरची एक तुटलेली कडी बसवून हवी होती. चाचांनी फ्रेम एका हाताने उचलून हलवली आणि विचारलं, "आत काही आहे का नाही? हवा भरलीये?" वजन कमी म्हणजे माल कमी, या हिशोबात त्यांची हयात गेलेली. मी ०.६ मिलिमीटर वगैरे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग बांगडीवर त्यांचं बोट गेलं आणि तिथेच राहिलं. चष्मा लावून, फ्रेम फिरवत, पूर्ण गोल बघितलं.

"घाईत नाही केलं कोणी," ते म्हणाले. "बघा, पितळ वर साचलेलं नाही कुठे. आत ओढलं गेलंय सगळं. दोन नळ्यांत केसभर जागा ठेवली तरच ओढतं. कमी ठेवली तर जात नाही, जास्त ठेवली तर राहत नाही."

मग त्यांनी कडीचं काम केलं आणि मी ते बघत उभा राहिलो. जागा घासून पांढरी केली. पितळी सळईचं टोक तापवून टाकणखारात बुडवलं, तसा तो टोकाला साखरेसारखा चिकटला. ज्योत आधी लांबून फिरवली, पोलाद काळं, मग गाजरासारखं तांबडं, मग केशरीकडे झुकलं. टाकणखार वितळून काचेसारखा पसरला. इथवर सळई लावलीच नव्हती. केशरी आल्यावर टोक नुसतं टेकवलं, आणि पितळ पाण्यासारखं फटीत शिरून दुसऱ्या बाजूने डोकावलं. पितळ वितळायला ९०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, पोलाद वितळतं १५०० च्या पुढेमागे. मधल्या सहाशे अंशांत यांचं सगळं कसब. थर्मामीटर नाही, डोळ्याने रंग ओळखायचा. कसब्यातल्या तांबट आळीत भांड्याला जोड देतानाही टाकणखार आणि पितळच लागतं, हे मला चाचांनीच सांगितलं. दीडशे रुपये घेतले. मी दोनशे दिले तर पन्नास परत केले.

"यावर बसायला हरकत नाही ना?" मी विचारलं.

"इतकी वर्षं कोण बसत होतं मग?"

फ्रेम सरळ आहे का ते बघायला बाबांना गच्चीवर बोलावलं. मागच्या एका खोबणीला सुती दोरा बांधायचा, तो पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खोबणीत आणायचा, आणि दोऱ्यापासून सीटच्या नळीचं अंतर दोन्हीकडे मोजायचं. बाबांनी दोरा ताणून धरला. डावीकडे ३१ मिलिमीटर, उजवीकडे २९. आपटून मोडलेल्या, कापून जोडलेल्या फ्रेममध्ये एवढाच फरक. मागच्या खोबण्यांमधलं अंतर १२० होतं, पाच गिअरच्या जमान्यातलं. माझं चाक १२६ चं. पोलादाचं बरं असतं, ते ऐकतं. लाकडी फळीची तरफ करून मागचे दोन्ही पाय जरा जरा बाहेर दाबत गेलो, उजवा थोडा जास्त, बाबा दोरा धरून आकडे सांगत गेले, आणि त्यातच दोन मिलिमीटरची तफावतही निघाली. मूळची चाकं २७ इंची असणार. आता टायर सहज मिळतात ते ७०० सी या मापाचे. रिमचा व्यास आठ मिलिमीटरने कमी, म्हणून ब्रेकचे गट्टू चार मिलिमीटर खाली सरकवावे लागले. या सगळ्यात बाबा एकदाही "कशाला" म्हणाले नाहीत. आकडे मात्र माझ्या हातातून काढून स्वतः लिहायला लागले.

नळ्यांच्या आत गंज धरू नये म्हणून बेलतेल सोडलं. बेलतेल म्हणजे उकळलेलं अळशीचं तेल, बेलाच्या झाडाशी त्याचा संबंध नाही. रंगाच्या दुकानात मिळतं. आत ओतायचं, फ्रेम चारी बाजूंनी फिरवायची, उरलेलं निथळू द्यायचं. ते हवेने वाळतं आणि आत पातळ कातडी धरतं. तेलाची चिंधी मात्र चुरगळून टाकायची नाही, आपोआप तापून पेट घेते. ती पसरून वाळत घालायची.

मग रंगाचा प्रश्न आला आणि मी अडलो.

आमचा जुन्या सायकलींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात दोन तट पडले. एक म्हणे मूळ हिरवाच, तसाच, छटा जुळवून. दुसऱ्यांना बांगडी फार आवडली होती. ती उघडी ठेव, वर नुसतं क्लिअर लॅकर मार, लोकांना दिसू दे. दोन्ही बाजूंना 'रिस्टोरेशन' हा शब्द. आपल्याकडे त्याला जीर्णोद्धार म्हणतात आणि त्यात बहुतेक वेळा काळ्या पाषाणाच्या देवळाला गुलाबी ऑइलपेंट मिळतो. उलटंही होतं. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा थर काढला, तेव्हा मूळ मूर्ती बघून लोक हरखले. पण ज्यांनी आयुष्यभर शेंदरातल्या देवीला नमस्कार केला, त्यांनी तो खोट्या देवीला थोडाच केला होता?

हिरवा मला मोहवत होता. पण हिरव्या रंगातली ती सायकल मी कधी पाहिली नाही, तो कोण आला-गेला ते मला माहीत नाही, तो सगळा माझा तर्क. पट्ट्याचे ओरखडे आणि आतला शिवणीचा तुकडा हा तर्क नव्हता. आणि ही बांगडी उघडी ठेवायची म्हटली तर ज्याने ती केली त्याने काय केलं होतं? जोड दिला, घासला, वर लांबी भरली, ऑक्साईड मारला, काळा फासला. जोड दिसू नये एवढ्यासाठी. दिसला असता तर सायकलच्या मालकाला ती मोडकी वाटली असती. त्याचं काम त्याने झाकलं होतं. ते उघडं करून मी कोणाला दाखवणार, आणि कौतुक कोणाचं होणार? माझंच.

बांगडीचे चार फोटो काढून ठेवले आणि फ्रेम काळी करायला दिली. ग्रुपवर दोन रडके चेहरे आले. भोसरीत पावडर कोटिंग होतं, भट्टीत दोनशे अंशांपर्यंत तापवतात, पितळाला त्याने काही होत नाही. पण मी घराजवळच्या स्प्रे पेंटरकडे गेलो. बाबांचं म्हणणं पटलं होतं: काळ्याचा टवका उडाला तर कोपऱ्यावरच्या दुकानात डबी मिळते.

पेंटरने आधी एक गोष्ट विचारली. चिमट्याच्या उजव्या पायावर, मध्यावर, आटे पाडलेला एक छोटा गट्टू होता. "हे कशाचं? ग्राइंडर मारून साफ करू? फिनिशिंगला बरं." मला ठाऊक नव्हतं. हात लावू नका म्हणालो आणि फोटो काढून घरी आणला.

बाबांनी फोटो मोठा करून बघितला. चिमट्याचा पाय, उजवी बाजू, गट्टूची उंची. "दिव्याचा," ते म्हणाले. "इथे दिवा लागतो. वरच्या पिशवीने झाकला जाऊ नये म्हणून खाली दिलाय." मग फोन मला परत देत म्हणाले, "सात वाजल्यानंतर बिनदिव्याचा सापडलो होतो मी एकदा. संगम पुलावर. हवालदाराने व्हॉल्व्ह काढून घेतला. घरापर्यंत ढकलत आणली."

परवा पहाटे ती पहिल्यांदा बोपदेव घाटात नेली. गिअर दोनदा घसरले, मागचा ब्रेक किंचाळला, सीटवर अजून बसवत नाही. उतारावर पुढचा चिमटा स्प्रिंगसारखा किंचित लवतो, बाकी सगळं गप्प. खालच्या नळीकडे मी चढावर तीन-चारदा बघितलं. काळी, सलग.

घरी आलो तर बाबा दारात होते. टेबलावर वर्तमानपत्रावर पत्र्याचा एक दिवा सुटा करून मांडला होता, माळ्यावरून काढलेला, काच तडकलेली. सोबत तीन-चार बोल्ट.

"तो गट्टू पाव इंचाचा आहे का सहा मिलिमीटरचा?" त्यांनी विचारलं. "बोल्ट आत जातोय का बघ आधी. जोर लावू नकोस."